चाल एकाची, वाजवणं दुसऱ्याचं: जॅझ वादकाला पैसे कशाचे मिळायचे?

कोलमन हॉकिन्स हा सॅक्सोफोनवादक युरोपात पाच वर्षं काढून १९३९ साली न्यूयॉर्कला परतला आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला त्याने 'बॉडी अँड सोल' हे गाणं रेकॉर्ड केलं. गाणं नवं नव्हतं. जॉनी ग्रीनने ते १९३० साली बांधलं होतं आणि ते सगळ्यांच्या कानांवर होतं. हॉकिन्सने पहिल्या दोन-चार ओळींत मूळ चालीला नुसता हात लावला आणि पुढे निघून गेला. जेमतेम तीन मिनिटांची ती तबकडी. त्यात सुरुवातीचा तो स्पर्श सोडला तर मूळ चाल जवळपास कुठेच नाही. जे आहे ते त्या क्षणी हॉकिन्सला सुचलेलं. तरी लोकांनी ती तबकडी भरभरून घेतली. जॅझ शिकणारी मुलं आजही तो तुकडा सूर न् सूर पाठ करतात.

आता हिशेब बघा. अमेरिकेत १९०९च्या कायद्याने ठरवलेला दर होता: विकल्या जाणाऱ्या तबकडीवरच्या प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट. हे दोन सेंट चाल बांधणाऱ्याचे, गीत लिहिणाऱ्यांचे आणि त्यांच्या प्रकाशकाचे. वादकाला मिळायचं ते त्या सत्राचं मानधन. कंपनीशी करार चांगला झाला असेल तर विक्रीतला थोडा वाटा, तोही कंपनी देईल तेव्हा. लोक जे ऐकायला ती तबकडी विकत घेत होते, त्या हॉकिन्सच्या तीन मिनिटांवर कायद्याने त्याची मालकी शून्य होती.

हे आपल्या कानाला समजेल असं सांगतो. यमनची एखादी चार ओळींची बंदिश आहे. गवई ती घेऊन बसतो आणि पाऊण तास मांडतो. आलाप, बोलबढत, तान, सगळं त्याचं. समेवर येताना श्रोत्यांच्या तोंडून जी दाद निघते ती त्या बढतीला. आता समजा, या मैफलीची रेकॉर्ड निघाली आणि नियम असा की विक्रीतला हक्काचा पैसा चार ओळी बांधणाऱ्याला, गवयाला फक्त त्या दिवसाची बिदागी. आपल्याकडे हा प्रश्न फारसा टोचत नाही, कारण बहुतेक बंदिशींचे कर्ते कधीच काळाच्या पडद्याआड गेलेत. अमेरिकेत मात्र चाल बांधणारा हयात होता, त्याचा प्रकाशक ऑफिस थाटून बसला होता आणि दोघांच्या मागे कायदा उभा होता.

जॅझ वादकांची आयुष्यं सहसा एकाच पद्धतीने सांगितली जातात: अफाट प्रतिभा, व्यसन, दारिद्र्य, अकाली मृत्यू. मला ही मांडणी अपुरी वाटते, आणि त्या माणसांवर अन्याय करणारीही. त्यांची वही उघडून पैसा कशाचा यायचा आणि कशाचा यायचा नाही हे पाहिलं, की त्यांनी केलेल्या कितीतरी गोष्टींचं कारण कळतं. संगीतातल्या गोष्टींचंसुद्धा.

तेवढ्यासाठी कायद्यातला एक फरक समजून घ्यावा लागेल. एका तबकडीत दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे चाल, जी कागदावर लिहिता येते. दुसरी म्हणजे ती वाजवल्याचा आवाज, अमुक माणसाने अमुक दिवशी घेतलेला श्वास. चालीला संरक्षण फार आधीपासून होतं. आवाजाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने संरक्षण दिलं ते १९७२ साली, आणि तेही त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांना. शिवाय तिथल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर चाल बांधणाऱ्याला पैसे जातात, वाजवणाऱ्याला आजही नाहीत. जगातल्या बहुतेक प्रगत देशांत असं नाही. अमेरिकेत आहे.

कागदावर उतरतं ते मालमत्ता, हवेत विरतं ते मजुरी. आणि जॅझ तर उभंच आहे हवेत विरणाऱ्या गोष्टीवर.

वादकांनी यातून वाट काढली ती कायद्याच्याच दुसऱ्या टोकाने. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार सुरांचा गुच्छ. प्रत्येक गाण्याच्या पोटात अशा कॉर्डांची एक साखळी असते, ठरावीक मात्रांनी पुढे सरकणारी आणि आवर्तन पूर्ण झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी. जॅझ वादक उपज करतो ती या साखळीवर. कायद्याने चालीला मालक दिला, साखळीला दिला नाही. आपल्याकडे यमन कोणाच्या मालकीचा नाही, तसंच काहीसं. तेव्हा युक्ती अशी: ओळखीच्या गाण्यातली चाल काढून टाकायची, खालची साखळी तशीच ठेवायची, वर स्वतःची नवी चाल बसवायची आणि तिला नवं नाव द्यायचं. गाणं तुमचं झालं.

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय या छोट्या कंपनीसाठी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने 'को-को' रेकॉर्ड केलं. त्याची साखळी रे नोबलच्या १९३८ सालच्या 'चेरोकी' या गाण्याची. त्या दिवशीचा एक अर्धवट तुकडा आजही ऐकता येतो. त्यात वादक 'चेरोकी'ची मूळ चाल वाजवायला लागतात आणि मध्येच सगळं थांबवलं जातं. मूळ चाल आली तर नोबलला पैसे द्यावे लागतील, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. पुढच्या प्रयत्नात चाल गायब. सुरुवातीला ट्रंपेट आणि सॅक्सोफोनची एक विलक्षण ठिणगी, आणि तिथून पार्कर सुसाट. 'ऑर्निथॉलॉजी'च्या खाली 'हाऊ हाय द मून' आहे, 'अँथ्रोपॉलॉजी'च्या खाली गर्श्विनचं 'आय गॉट रिदम'. त्या एका गाण्याच्या साखळीवर किती चाली बसल्या याची गणती नाही.

बीबॉप या नावाने ओळखलं जाणारं जे वेगवान, अवघड संगीत या काळात तयार झालं त्याचं श्रेय केवळ रॉयल्टी वाचवण्याला देणं मूर्खपणाचं होईल. या लोकांना खरोखरच नवं काही म्हणायचं होतं. पण जुन्या साखळीवर नवी चाल बांधायची सवय इतकी खोल का रुजली, याच्या उत्तरात हे दोन सेंट नक्की आहेत.

चाल स्वतःची झाली म्हणजे पैसा स्वतःचा झाला, असंही नव्हतं. पियानोवादक थेलोनियस मंकचं 'राउंड मिडनाइट' घ्या. जॅझमध्ये इतकी वाजवली गेलेली रचना क्वचितच असेल. १९४४ साली कूटी विल्यम्सच्या बँडने ती पहिल्यांदा रेकॉर्ड केली आणि नोंदणी झाली तेव्हा मंकच्या नावाशेजारी आणखी दोन नावं आली: बँडचा म्होरक्या म्हणून विल्यम्सचं आणि शब्द लिहिले म्हणून बर्नी हॅनिगनचं. पुढची सगळी वर्षं ही रचना जगभर वाजत राहिली आणि तिच्या उत्पन्नात वाटे पडत राहिले. हा तेव्हाचा रिवाजच होता. रचनाकार आणि बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टन याच्या सुरुवातीच्या कितीतरी रचनांवर त्याचा व्यवस्थापक आयर्व्हिंग मिल्स याचं नाव सहरचनाकार म्हणून आहे.

हे सगळं उमगलेला माणूस पुढच्या पिढीला काय सांगतो, ते पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या बाबतीत दिसतं. १९६२ साली तो २२ वर्षांचा होता आणि ब्लू नोट कंपनीसाठी त्याची पहिली तबकडी निघायची होती. ट्रंपेटवादक डोनल्ड बर्डने त्याला आसरा दिला होता. बर्डने बजावलं की कंपनी तुझ्या रचना तिच्या प्रकाशनाकडे मागेल, द्यायच्या नाहीत. 'माझ्या स्वतःच्या प्रकाशनाला दिल्यात' असं सांग. हॅनकॉकने तसंच सांगितलं. मग तबकडी निघणार नाही, असं उत्तर आलं. तो जायला उठला आणि त्याला परत बोलावलं गेलं. ही हकिगत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्या तबकडीवरचं 'वॉटरमेलन मॅन' पुढच्या वर्षी मोंगो सांतामारियाने वाजवलं आणि ते देशभर गाजलं. चाल हॅनकॉकची आणि प्रकाशनही हॅनकॉकचं. आलेल्या पैशातून त्याने कोब्रा ही स्पोर्ट्स कार घेतली. त्या एका 'नाही'ची ती किंमत, आणि ती एका वडीलधाऱ्या वादकाने शिकवलेली होती.

एलिंग्टनची तऱ्हा मला सगळ्यांत विचार करायला लावणारी वाटते. त्याच्याकडे गाजलेल्या चालींचा खजिना होता, रॉयल्टी येत होती. तो आरामात बसून खाऊ शकला असता. त्याने केलं काय, तर तो पैसा बँडच्या पगारात घातला. १५-१६ वादकांना वर्षभर पगारावर ठेवायचं, बस आणि आगगाडीने गावोगाव फिरायचं. १९४०च्या दशकाच्या शेवटी बाकीचे मोठे बँड एकामागून एक मोडले तरी याचा चालू राहिला. कारण त्याला रात्री लिहिलेलं दुसऱ्या दिवशी ऐकायचं असायचं, आणि तेही त्याच माणसांकडून. त्यातला सॅक्सोफोनवादक हॅरी कार्नी १९२७ साली आला तो १९७४मध्ये ड्यूक गेला तोवर राहिला, ४७ वर्षं. अर्थात इथेही वहीची दुसरी बाजू आहे. वादकांनी सहज वाजवलेले कितीतरी तुकडे ड्यूकच्या रचनांत गेले. बँडमधला सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस मंचावरच ड्यूककडे बघत बोटांनी नोटा मोजल्याचा अभिनय करायचा, असं सांगतात. आपला तुकडा वाजू लागला, की!

त्याच बँडचं ओळखगीत 'टेक द ए ट्रेन' जन्माला आलं तेही पैशाच्या भांडणातून. रचनाकारांच्या आस्कॅप या संस्थेने रेडिओकडे जास्त दर मागितला, तेव्हा १ जानेवारी १९४१पासून रेडिओने त्यांच्या सदस्यांची गाणी लावणंच बंद केलं. ड्यूक सदस्य होता. म्हणजे त्याला स्वतःच्याच रचना रेडिओवर वाजवता येईनात. सदस्य नव्हते ते त्याचा मुलगा मर्सर आणि त्याचा तरुण सहकारी बिली स्ट्रेहॉर्न. त्या दोघांनी झपाट्याने नव्या रचनांची चळत उभी केली आणि स्ट्रेहॉर्नची 'ए ट्रेन' कायमची बँडची ओळख होऊन बसली.

रेकॉर्डमधून फार मिळत नाही म्हटल्यावर पोट भरायचं कशावर? रोज रात्रीच्या क्लबवर. आणि न्यूयॉर्कमध्ये नेमकी तिथेच पोलिसांची चौकी होती.

१९४०च्या सुमारापासून १९६७पर्यंत त्या शहरात दारू मिळणाऱ्या कुठल्याही ठिकाणी काम करायचं तर पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागायचं. बोटांचे ठसे द्यायचे, दर दोन वर्षांनी नूतनीकरण करायचं. अटक झाली की कार्ड जाऊ शकत होतं. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून माणूस बाहेर आला तरी पोलिस कार्ड नाकारू शकत. म्हणजे तुरुंग संपला तरी शिक्षा चालूच. जॅझची राजधानी न्यूयॉर्क, नाव व्हायचं ते तिथल्या क्लबांत, आणि तिथेच दार बंद.

गायिका बिली हॉलिडेला १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाली. सुटून आल्यावर लगेच, २७ मार्च १९४८ला, ती कार्नेगी हॉलमध्ये गायली आणि सभागृह तुडुंब भरलं. तिथे दारू विकत नव्हते, म्हणून कार्ड लागलं नाही. पण कार्नेगी हॉल वर्षातून किती वेळा मिळणार? लहानशा खोलीत, चार हात अंतरावर बसलेल्या माणसांसमोर गाणारी ती बाई. ज्या क्लबांनी तिला घडवलं ते न्यूयॉर्कपुरते तिला पुढे मिळालेच नाहीत. १९५९ साली ती रुग्णालयात मरणाला टेकलेली असताना खाटेवरच तिला अटक झाली. १७ जुलैला ती गेली, ४४ वर्षांची. बँकेत सत्तर सेंट होते.

मंकचं कार्ड गेलं १९५१ साली. तो आणि पियानोवादक बड पॉवेल एका गाडीत बसले असताना पोलिसांना हेरॉइन सापडलं. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही आणि ६० दिवस तुरुंगात काढले. पुढची सहा वर्षं तो स्वतःच्या शहरात क्लबमध्ये वाजवू शकत नव्हता. घरात लहान मुलं होती. त्याची बायको नेली हिने नोकरी करून संसार ओढला. तो घरी बसून रचना करत राहिला. १९५५ साली रिव्हरसाइड कंपनीने त्याला प्रेस्टिजकडून सोडवून घेतलं ते त्याच्या अंगावरची उचल फेडून. रक्कम होती १०८ डॉलर आणि २७ सेंट. आज विद्यापीठांत ज्याच्यावर प्रबंध लिहिले जातात, त्या माणसाचा एवढा भाव. मग १९५७मध्ये कार्ड परत मिळालं आणि फाइव्ह स्पॉट या छोट्याशा ठिकाणी तो महिनोन् महिने वाजवत राहिला, सोबत सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. ऐकायला रांगा लागायच्या. सात वर्षांनी तो 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता. मधल्या सहा वर्षांत त्याच्या संगीतात काही कमी नव्हतं. ते लोकांपर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

बाकीच्यांनी आपापले मार्ग धरले. बासवादक चार्ल्स मिंगसने काही काळ टपाल खात्यात काम केलं, मग १९५२ साली ड्रमवादक मॅक्स रोचबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनीच काढली. ड्रमवादक केनी क्लार्क पॅरिसला आणि सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन कोपनहेगनला राहायला गेले. हँक जोन्सने टीव्ही कंपनीत पगारी पियानोवादकाची नोकरी धरली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाला मेरिलिन मन्रोने जे गाणं म्हटलं, त्याला पियानोची साथ त्याची. विद्यापीठांनी जॅझला वर्गात घेतलं तेव्हा अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा निवृत्तिवेतन ही गोष्ट दिसली.

मुंबईकरांनी आपल्या गावातही असंच घडलेलं बघावं. १९३५च्या अखेरीस लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही तिथे होता. त्यांना ऐकून जे तयार झाले ते मुख्यतः गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलेलं असे, त्यामुळे कागद समोर आला की ते वाजवत. आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, आणि ट्रंपेटमुळे 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणूनही.

मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलातली नाचाची रात्र मद्यावर चालते. ग्लास रिकामा झाला की बँडचा खर्च परवडत नाही. जॅझ पुरतं थांबलं नाही, चर्चगेटच्या रेस्तराँमध्ये ते पुढेही ऐकायला मिळे. पण काम आटलं, आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे आणखी मोठ्या संख्येने वळले. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांच्या कार्डाने एकेकट्याचं जे केलं, ते इथे एका कायद्याने साऱ्या धंद्याचं केलं.

स्टुडिओत त्यांनी केलेलं काम म्हणजे अरेंजमेंट. संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो. अरेंजर ती लिहून घेतो, तिच्याखाली कॉर्ड बसवतो, व्हायोलिनांना काय आणि ट्रंपेटला काय ते ठरवतो, दोन कडव्यांमधलं संगीत मांडतो आणि प्रत्येकाच्या हातात त्याचा कागद देतो. आपण गुणगुणताना शब्द संपल्यावर तोंडाने जे 'टॅडॅडँ' करतो, ते बहुधा या कागदावरचं. वादकाला मिळायचे ते शिफ्टचे पैसे. श्रेयनामावलीत झालाच उल्लेख तर 'सहाय्यक' म्हणून. चाल नावावर, वाजवणं मजुरीवर: तीच वही, फक्त डॉलरच्या जागी रुपये.

पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, चिकला सहाय्यक म्हणून घेतलं आणि १९५१च्या 'अलबेला'त त्याला आणि त्याच्या बँडला थेट पडद्यावर आणलं. १९६७ साली तो वारला. 'अलबेला' पुन्हा कधी लागला तर भगवानदादांच्या पायांवरून नजर काढून जरा मागे न्या. झालरीचे कपडे घालून बसलेला तो बँड खोटा नाही. ती माणसं खरोखर वाजवणारी आहेत, आणि त्यांत आल्दोन्याचा आंतोनियो आहे.